कृष्णन मार्गावरचे कृष्णन

आपल्या मंडळाचे बरेच सभासद पटेल नगर, राजेंद्र नगर, इंद्रपुरी या भागांत राहतात. पुसाकडे जाता-येता एक पाटी त्यांच्या नजरेखालून जात असणार. डॉ. के. एस. कृष्णन मार्ग. याच रस्त्यावर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी आहे. दिल्लीत एक कृष्ण मेनन मार्गही आहे, त्यामुळे पुष्कळांना दोन्ही माणसे एकच वाटतात. तसे नाही. हे कृष्णन शास्त्रज्ञ होते आणि या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९८७ पासून ही प्रथा आहे. मुले शाळेत सर सी. व्ही. रामन यांच्यावर भाषण करतात, आपण ते पाठ करून घेतो. पण रामन परिणामाची जगाला पहिली वर्दी देणारे जे छोटे टिपण ३१ मार्च १९२८ च्या नेचर या नियतकालिकात छापले गेले, त्याखाली दोन नावे होती. पहिले रामन यांचे आणि दुसरे कृष्णन यांचे. हा लेख त्या दुसऱ्या नावाचा आहे.

मी डिप्लोमाचा इंजिनिअर, रेल्वेत सिग्नलचे काम करणारा. पदार्थविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण रिले, पॉइंट मशीन आणि ट्रॅक सर्किट यांच्या संगतीत वीस वर्षे काढल्यावर लोखंड आणि चुंबक यांच्याविषयी कुतूहल राहतेच. कृष्णन यांनी आधी प्रकाशाचा अभ्यास केला आणि मग चुंबकत्वाचा. या दोन विषयांची गाठ मात्र ते गेल्यानंतर पाच वर्षांनी पडली. मला या माणसाच्या आयुष्यात रस वाटला तो त्यामुळे.

करिमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तामिळनाडूतल्या वत्रप या गावी झाला. तेव्हा ते रामनाथपुरम जिल्ह्यात होते. वडील शेती करणारे, पण तमिळ आणि संस्कृतचे जाणकार. मुलातही ते उतरले. पुढे कृष्णन यांनी तमिळमध्ये विज्ञानावर लेख लिहिले आणि संस्कृतचे वाचन शेवटपर्यंत सोडले नाही. शाळा गावात आणि श्रीविल्लीपुत्तूरला झाली, कॉलेज आधी मदुराईला आणि मग मद्रास ख्रिश्चन कॉलेजात. तिथेच ते रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर झाले. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रयोगशाळेत मुलांना प्रयोग करून दाखवणारा, प्राध्यापकाच्या दोन पायऱ्या खाली. पण दुपारच्या सुट्टीत ते एका खोलीत बसत आणि भौतिक, रसायन, गणित, कशावरचीही शंका कोणीही विचारावी, असा रिवाज त्यांनी पाडला. हळूहळू शेजारच्या कॉलेजांतली मुलेही तिथे येऊ लागली.

१९२० मध्ये ते कलकत्त्याला गेले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था तेव्हा २१०, बहूबाजार स्ट्रीट इथे होती. सियालदह स्टेशनाकडून लालबाजाराकडे जाणारा हा रस्ता. तिथे रामन यांनी तरुणांची टोळी जमवली होती. कृष्णन १९२३ मध्ये तिच्यात सामील झाले आणि पाच वर्षे द्रव पदार्थांतून विखुरणाऱ्या प्रकाशाची मापे घेत राहिले.

हे विखुरणे म्हणजे काय? बंद खोलीत कवडशातून उन्हाची तिरीप आली की हवेतली धूळ चमकते. धूळ अजिबात नसली तरी स्वच्छ द्रवातले रेणू थोडा प्रकाश बाजूला फेकतातच. जो रंग आत गेला तोच बाहेर आला पाहिजे, असे तेव्हा सर्वजण धरून चालत. पण रामन यांच्या शिष्यांना १९२३ पासूनच त्यात दुसऱ्या रंगाची पुसट झाक दिसत होती. ती द्रवातल्या अशुद्धीमुळे असेल असे वाटून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले, तरी झाक जाईना. जानेवारी १९२८ मध्ये वेंकटेश्वरन या सहकाऱ्याला शुद्ध ग्लिसरीनमध्ये ती चांगलीच ठळक दिसली.

कृष्णन त्या काळात गणिती कामात गुंतले होते. रामन यांनी त्यांना पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी आणून बसवले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून पुढच्या तीन आठवड्यांची कृष्णन यांची रोजनिशी उपलब्ध आहे, त्यामुळे हा शोध दिवसागणिक कसा पुढे सरकला ते कळते. सामग्री अगदी बेताची. दिवा म्हणून सूर्य, तो पकडायला सात इंची भिंगाची दुर्बीण, आणि मापनयंत्र म्हणून स्वतःचे डोळे. वाटेत दोन रंगीत काचा. पहिली फक्त जांभळा प्रकाश आत सोडी. दुसरी जांभळा अडवी आणि हिरवा-पिवळा जाऊ देई. दोन्ही काचा एकापुढे एक धरल्या तर काळोख. पण दुसरी काच द्रवाच्या पलीकडे, डोळ्यापाशी धरली तर द्रवात प्रकाशाची रेघ दिसे. याचा अर्थ रंगात बदल होत होता तो द्रवाच्या आतच. अशा साठेक द्रवांत कृष्णन यांना ही रेघ दिसली. ती ध्रुवित होती हेही त्यांनी पाहिले. ही खूण महत्त्वाची, कारण नेहमीची प्रतिदीप्ती सहसा अशी ध्रुवित नसते. १६ फेब्रुवारीला टिपण पाठवले गेले. २८ तारखेला वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर बदललेला रंग वेगळा दिसला.

स्टेशनात गाडी थांबली की कॅरेजचा माणूस हातोडीने चाके ठोकत जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चाक सांगते ते आवाजातून. रामन परिणामात प्रकाश ही हातोडी. रेणूवर आपटून परत येताना प्रकाशाची थोडी ऊर्जा त्या रेणूच्या कंपनात जाते आणि रंग तेवढा सरकतो. सरकलेले अंतर मोजले की आत काय थरथरते ते कळते. फक्त असा बदललेला प्रकाश कोट्यवधी कणांत एखाद्याच्याच वाट्याला येतो.

१९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. यावर पुष्कळ चर्वितचर्वण झालेले आहे. माझे मत विचाराल तर प्रश्न रामन यांचा होता. १९२१ च्या सागरी प्रवासात समुद्र निळा का दिसतो या विचारातून तो सुरू झाला आणि सात वर्षे त्यांनी तो सोडला नाही. तेव्हा पारितोषिक चुकीच्या हाती गेले असे मी म्हणणार नाही. पण निर्णायक पंधरवड्यात भिंगाशी वाकून बसलेले डोळे कृष्णन यांचे होते, हेही शाळेतल्या भाषणात यायला हवे. दोघांच्या नावाचे टिपण छापून आले त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्णन यांनी कलकत्ता सोडले आणि ते विषयही सोडून दिल्यासारखे वागले. जगभर रामन परिणामावर निबंधांचा पाऊस पडत असताना हा माणूस ढाक्याला जाऊन चुंबकत्वाकडे वळला.

ढाका विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचे होते. पदार्थविज्ञान विभाग सत्येंद्रनाथ बोस यांच्याकडे होता आणि कृष्णन तिथे रीडर झाले. रेल्वेवाल्यांसाठी सांगतो : त्या काळी कलकत्त्याहून ढाक्याला जायचे म्हणजे सियालदहहून गोआलंदोपर्यंत गाडी, तिथून पद्मा नदीतून आगबोटीने नारायणगंज आणि मग पुन्हा छोटा रेल्वेप्रवास. आडवाटच ती. पण त्यांचे सर्वांत मोलाचे स्वतंत्र काम सुरू झाले ते तिथेच.

प्रश्न असा होता. लाकूड चिरताना रेषांच्या दिशेने सहज चिरते, आडवे चिरताना जोर लागतो. स्फटिकाचे चुंबकत्वही असेच दिशेप्रमाणे कमीजास्त असते. किती? हा फरक फार सूक्ष्म असल्याने मोजायला कठीण. कृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली युक्ती कोणाही इंजिनिअरला आवडावी. लहानसा स्फटिक क्वार्ट्झच्या केसासारख्या तंतूला चिकटवायचा आणि चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये, सर्वत्र सारख्या क्षेत्रात, टांगायचा. स्फटिक आपली आवडती दिशा क्षेत्राला धरून थांबतो. आता वरून तंतूला हळूहळू पीळ द्यायचा. स्फटिक थोडा वळतो पण आपली जागा सोडत नाही, आणि पीळ तंतूत साठत जातो. स्फटिक ४५ अंशांपर्यंत वळला की चुंबकाची पकड जास्तीत जास्त झालेली असते. त्यापुढे ती कमी होते, आणि स्फटिक एकदम गर्रकन फिरतो. हा क्षण डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तोवर तंतूला किती पीळ दिला ते वाचायचे आणि त्यावरून दोन दिशांतल्या चुंबकत्वाचा फरक काढायचा. महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो चांगला तंतू, स्वच्छ स्फटिक आणि न थरथरणारा हात.

या मापांतून दोन प्रकारची माहिती निघाली. नॅफ्थॅलीन, अँथ्रासीन यांसारख्या पदार्थांत बेंझीनची चपटी कडी असतात. कड्याच्या पातळीला काटकोनात त्यांचे चुंबकत्व फार वेगळे असते. त्यामुळे स्फटिकात ही कडी कोणत्या कोनात कलती बसली आहेत हे नुसत्या चुंबकी मापांवरून सांगता येऊ लागले. क्ष-किरणांनी हेच काम करणाऱ्या इंग्लंडच्या कॅथलीन लॉन्सडेल यांच्याबरोबर १९३६ मध्ये कृष्णन यांचा संयुक्त निबंध रॉयल सोसायटीने छापला.

दुसरी माहिती लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या क्षारांची. या धातूंच्या अणूत बिनजोडीचे इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक अणू एक छोटे चुंबकच असतो. पण तो मोकळा नसतो. भोवतालच्या शेजाऱ्यांचे विद्युत क्षेत्र त्याला दाबून धरते आणि त्यामुळे त्याला एखादी दिशा जास्त पसंत पडते. हा सिद्धांत तेव्हा परदेशात बेथे, व्हॅन व्लेक वगैरे मंडळी बांधत होती. त्याला लागणारे आकडे ज्या थोड्या ठिकाणांहून आले त्यांत ढाका आणि कलकत्ता होती.

१९३३ मध्ये रामन बंगलोरला गेले आणि कृष्णन महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून बहूबाजारच्या त्याच संस्थेत परतले. इथली नऊ वर्षे भरभराटीची. विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी मापे पार द्रवरूप हवेच्या थंडीपर्यंत नेली आणि ग्रॅफाइटच्या थरांचे चमत्कारिक चुंबकत्व तपासले. १९३७ मध्ये रदरफर्ड यांच्या निमंत्रणावरून ते केंब्रिजला गेले. १९४० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९४२ साली ते अलाहाबाद विद्यापीठात आले. तिथे त्यांचे लक्ष पुन्हा प्रकाशाकडे वळले, पण आता कागद-पेन्सिल घेऊन. ए. बी. भाटिया या शिष्याबरोबर त्यांनी १९४८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पदार्थात उष्णतेमुळे सतत बारीक ध्वनिलहरी फिरत असतात. प्रकाशाचे विखुरणे म्हणजे त्यांतल्या योग्य लहरीवरून प्रकाशाचे परावर्तन, अशी मांडणी त्यात केली होती. मूळ कल्पना फ्रान्सच्या ब्रिलुआं यांची, १९२२ ची. लहर धावती असल्याने परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो, जशी जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या इंजिनाच्या शिट्टीची पट्टी सरकते. प्रकाश एकेकट्या रेणूवरून नव्हे, अख्ख्या लहरीवरून उसळतो, हा विचार वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९४६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीची पायाभरणी केली आणि कृष्णन पहिले संचालक झाले. २१ जानेवारी १९५० ला सरदार पटेलांच्या हस्ते उद्घाटन झाले. देशाची मीटर आणि किलोग्रॅमची प्रमाणे सांभाळणे हे या संस्थेचे काम. किलोग्रॅमचा ५७ क्रमांकाचा प्रमाण-नमुना तिथेच आहे. (२०१९ पासून जगाचा किलोग्रॅम धातूच्या नमुन्यावर अवलंबून राहिलेला नाही, तो भाग निराळा.) भाभा आणि भटनागर यांच्यासह ते अणुऊर्जा आयोगाचे सदस्य होते. १९५४ मध्ये पद्मभूषण, १९५८ मध्ये पहिले भटनागर पारितोषिक. संचालकपदाच्या फायली आणि समित्या यांत त्यांचा वेळ फार गेला असे मला वाटते, आणि हळहळही वाटते. तरी काम थांबले नव्हते. विजेने तापवलेल्या बारीक सळ्यांत आणि नळ्यांत उष्णता कशी वाटली जाते, याचे गणित ते दिल्लीतच करत होते.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत पहिला लेझर पेटला. १४ जून १९६१ रोजी कृष्णन हृदयविकाराने गेले. वय ६२.

आता ती गाठ. लोखंडाच्या कित्येक संयुगांत अणूंची छोटी चुंबके एकमेकांना बांधलेली असतात. त्यांतले एक हलवले की काय होईल? मालगाडीच्या रेकला इंजिनाने झटका दिला की तो कपलिंगमधून एका वॅगनकडून दुसऱ्या वॅगनकडे जात जात गार्डाच्या डब्यापर्यंत पोचतो. वॅगन जागच्या जागी जराशी हलते, झटका मात्र गाडीभर धावतो. चुंबकी अणूंमधून असाच झोल धावतो. त्याला स्पिन लहर म्हणतात आणि तिच्या ऊर्जेच्या एका मात्रेला मॅग्नॉन. फेलिक्स ब्लॉख यांनी ही कल्पना १९३० मध्ये मांडली. आता प्रकाश जर ध्वनिलहरीवरून उसळतो, तर स्पिन लहरीवरून का नाही? १९५९ मध्ये सोव्हिएत संघातल्या बास आणि कागानोव्ह यांनी आणि १९६३ मध्ये इंग्लंडच्या एलियट आणि लाउडन यांनी हे गणिताने तपासले. पण सरकणारे अंतर इतके थोडे की सूर्याच्या किंवा पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात ते दिसणे अशक्यप्राय. अतिशय शुद्ध रंगाचा, प्रखर प्रकाश हवा होता आणि लेझरने तो दिला.

१९६६ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लुरी, पोर्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयर्न फ्लोराइडचा स्फटिक खूप थंड करून त्यावर लेझर सोडला. हा पदार्थ ७८ केल्विनखाली, म्हणजे उणे १९५ अंश सेल्सिअसखाली, चुंबकी शिस्तीत येतो. विखुरलेल्या प्रकाशात त्यांना दोन नव्या रेषा मिळाल्या. एक ५२ वर, दुसरी १५४ वर. हे आकडे एका सेंटिमीटरमागे किती लहरी या मापाचे. तुलनेसाठी, बेंझीनच्या रेणूची ठळक रामन रेषा ९९२ वर असते. ५२ ची रेषा एका मॅग्नॉनची. स्फटिक ७८ केल्विनकडे तापवत नेला की ती मूळ प्रकाशाकडे सरकत विरून जाते. नुसत्या अणूंच्या कंपनाची रेषा अशी वागत नाही. १५४ ची रेषा दोन मॅग्नॉनांची, एकमेकांच्या उलट दिशांना धावणाऱ्या. ती ५२ च्या दुपटीहून मोठी, कारण प्रकाश एकट्याने फक्त लांबलचक लहरी चाळवू शकतो. आखूड आणि जास्त ऊर्जेच्या लहरी त्याला अशा विरुद्ध जोडीतूनच गाठता येतात.

आणि हा ५२ चा आकडा येतो कुठून? लांबात लांब स्पिन लहरीलाही शून्यापासून सुरुवात करता येत नाही, कारण प्रत्येक लोखंडी अणू आपली पसंतीची दिशा सोडायला तयार नसतो. त्याला तिथून ढळवायलाच कमीत कमी काही ऊर्जा लागते. ही पसंती म्हणजे शेजाऱ्यांच्या विद्युत क्षेत्राने अणूवर बसवलेली तीच दिशेची सक्ती, जी कृष्णन ढाक्यात तंतूला पीळ देऊन मोजत होते. त्यांचे क्षार वेगळे होते, कारण तेच. प्रकाश मॅग्नॉनला हात घालू शकतो तोही इलेक्ट्रॉनचे फिरणे आणि त्याचा स्पिन यांच्या ज्या बंधनामुळे, त्याच बंधनातून ही दिशेची पसंती येते.

त्यानंतर हे एक रोजचे हत्यार झाले. स्पिन लहरी न्यूट्रॉनांनीही मोजता येतात, पण त्याला अणुभट्टी किंवा तसेच अवाढव्य यंत्र लागते. लेझर आणि वर्णपटमापक एका खोलीत मावतात. १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांचे नवे अतिवाहक सापडले, तेव्हा त्यांच्या मूळ पदार्थात शेजारी चुंबके किती घट्ट बांधली आहेत हे १९८८ मध्ये दोन मॅग्नॉनांच्या रेषेवरून काढले गेले. त्या निबंधातही फ्लुरी होते.

अलीकडचे एक उदाहरण दक्षिण कोरियातले, २०१६ चे. लोखंड, फॉस्फरस आणि गंधक यांच्या एका संयुगाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. तिथल्या संशोधकांनी ते सोलत सोलत एकाच थरापर्यंत आणले आणि रामन वर्णपटावरून दाखवले की एवढ्या पातळ पापुद्र्यातही चुंबकी शिस्त टिकून राहते. अणूंना सर्व दिशा सारख्याच पसंत असत्या तर एका थरात ती टिकली नसती, हे १९६६ मध्येच गणिताने सिद्ध झाले होते. या संयुगात लोखंडाच्या प्रत्येक अणूला पापुद्र्याला काटकोनातली दिशाच हवी असते.

— मंडळाचा एक सभासद, उत्तर रेल्वे